कबरीवरचं ध्रुवपद

तिहोमिरच्या कबरीचं काम अगदी सुरळीत चाललं होतं, आणि तो स्वतः जिवंत असल्यामुळे त्याला ते जातीने पाहताही येत होतं. ही सोय काही थोडी नाही. त्याचे वडील अचानक गेले तेव्हा घाईघाईत दगड घेतला गेला, आणि पाथरवटाने वडिलांच्या नाकाखाली त्यांना जन्मात नसलेल्या मिशा कोरून ठेवल्या. तेव्हापासून दर वर्षी फुलं वाहताना तिहोमिरला आपण परक्याच माणसाला फुलं वाहतोय असं वाटायचं. म्हणूनच मोरावा नदीकाठच्या त्या गावात शहाणी माणसं निवृत्त झाली की आधी आपला दगड उभा करतात. काळा, गुळगुळीत, नवराबायकोचे फोटो कोरलेला. नावाखाली जन्मसाल, पुढे एक रेघ, आणि रेघेपुढची जागा तेवढी कोरी. ज्याचा दगड नाही त्याच्याकडे लोक भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे पाहावं तसं पाहतात.

तिहोमिरने सगळा जन्म सरकारी मोजणी खात्यात काढला होता. तेव्हा जागा त्याने स्वतः फीत धरून मोजली, शेजारच्या कबरीचा कट्टा आपल्या हद्दीत घुसलाय हे सिद्ध केलं, आणि त्या कबरीच्या वारसांशी भांडून तो मागे सरकवला. फोटोही स्वतःच निवडला. टाय लावलेला, कपाळाला आठी असलेला.

"काका, जरा हसरा नाही का एखादा?" वेल्या पाथरवटाने विचारलं.

"मी तिथे हसायला जाणार आहे का?" तिहोमिर म्हणाला.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो त्याच्या बायकोने, रादोयकाने, तोंड उघडल्यावर. एरवी ती वेल्याच्या अंगणात नुसती पर्स पोटाशी धरून उभी असायची. त्या दिवशी मात्र पुढे झाली आणि म्हणाली, "आणि वेल्या, एक ओळ पण टाकायची. 'जिन्यातला दिवा'मधली. ध्रुवपद."

'जिन्यातला दिवा' हे गाणं ठाऊक नसलेला माणूस त्या गावात सापडायचा नाही. तिहोमिरच्या तरुणपणी रेडिओने ते इतकं वाजवलं होतं की कोंबड्यांनासुद्धा चाल पाठ झाली असेल. एक बाई आर्त आवाजात गाते, मागे व्हायोलिनं रडतात. इमारतीच्या जिन्यातला दिवा बटण दाबलं की लागतो आणि माणूस वर पोचायच्या आतच विझतो, हा सगळ्यांचा रोजचा अनुभव. त्यावर त्या बाईचं म्हणणं एवढंच, की

*दिवा विझला तर विझू दे, तू ये,*
*दार मी उघडं ठेवलंय.*

"हे माझ्या कबरीवर?" तिहोमिर म्हणाला.

"आपल्या," रादोयका म्हणाली.

"सुंदर दिसेल, काका," वेल्या म्हणाला. "तिरकं अक्षर घालू."

तिहोमिरचं पित्त खवळलं ते तिरक्या अक्षरामुळे नव्हे. खवळलं ल्युबिशामुळे. हा ल्युबिशा नदीकाठच्या हॉटेलच्या गच्चीवर दर शनिवारी ऑर्केस्ट्रासोबत गायचा. पांढरा कोट, केसांना भरपूर तेल, आणि शेवटचं गाणं ठरलेलं: 'जिन्यातला दिवा'. मूळ गाणं बाईचं, पण त्याला कोण अडवणार? आणि ध्रुवपद आलं की हा गृहस्थ डोळे अर्धे मिटून पहिल्या टेबलाकडे बघायचा. त्या टेबलावर रादोयका बसलेली असायची. तिहोमिरही असायचाच तिथे, पण त्याच्याकडे डोळे अर्धे मिटून कोण बघतो? लग्नाच्या आधीची ही गोष्ट. मग लग्न झालं, हॉटेल बंद पडलं, ल्युबिशा म्हातारा झाला आणि मेलाही. तिहोमिर सगळं विसरून गेला होता. म्हणजे विसरलो असं तो धरून चालला होता. आणि ल्युबिशाची कबर कुठे? तिहोमिरने मोजून मापून, भांडून मिळवलेल्या जागेच्या बरोब्बर समोर, पायवाटेच्या पलीकडे. आता त्या हलकटाच्या समोर बायकोच्या मर्जीने, तिरक्या अक्षरात, कायमचं लिहायचं: तू ये, दार मी उघडं ठेवलंय!

कुठल्याही समंजस माणसाने इथे बायकोला विचारलं असतं की बाई गं, ही ओळ कुणासाठी? पण तिहोमिर मोजणी खात्यातला. हद्दीचा वाद असला की खुद्द मालकाला विचारायचं नसतं, आजूबाजूचे साक्षीदार काढायचे, हे त्याच्या हाडात मुरलेलं. शिवाय विचारलं आणि तिने खरंच उत्तर दिलं तर? ती भीती त्याला रात्रंदिवस कुरतडत होती. इतकी वर्षं आपण कुणाच्या तरी जागेवर राहतोय आणि ती आपली नाहीच, असं निघालं तर म्हाताऱ्या माणसाने जायचं कुठे?

तेव्हा आधी त्याने गाण्याचा अर्थ शोधायचं ठरवलं. अर्थ एकदा निर्विवाद ठरला, की पुढचं सोपं.

पहिली साक्ष खालच्या मजल्यावरच्या कोसाराची. इमारतीच्या समितीची अध्यक्ष ती, आणि गाण्याची मूळ तबकडी तिच्याकडे होती. तिने आधी कॉफी ठेवली, मग दाराबाहेर कुणी नाही ना ते पाहिलं, मग तबकडी लावली आणि पहिल्या ओळीलाच रडायला लागली.

"शेजारी, हे आईचं गाणं आहे," ती नाक पुसत म्हणाली. "मुलगा परदेशी गेलाय. आई वाट बघतेय. माझा व्हिएन्नाला गेला तेव्हा मी रोज हे लावायची."

"पण तो मुलगा आहे असं कुठे म्हटलंय?"

"प्रियकर आहे असं तरी कुठे म्हटलंय?" कोसाराने उलट विचारलं. "तुम्हा पुरुषांना दार उघडं दिसलं की दुसरं सुचतच नाही काही."

एवढ्यात तिसरं कडवं लागलं. तिहोमिर खुर्चीतून अर्धा उठला. हे कडवं त्याने कधी ऐकलंच नव्हतं! रेडिओने आणि पुढच्या सगळ्या गायकांनी ते गाळलं होतं. ल्युबिशानेही. त्यात ती बाई म्हणते, की *खुंटीवर तुझा कोट अजून तसाच आहे.*

"कोट!" तिहोमिर म्हणाला. "ऐकलंत? कोट टाकून गेलाय तो! कुठला माणूस कोट टाकून घराबाहेर पडतो?"

"घाईत असलेला."

"आणि घाई कधी असते? नवरा जिना चढत असतो तेव्हा!"

कोसाराने कॉफीचा कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे टक लावून पाहिलं. तिहोमिरने जीभ चावली. पण चावलेली जीभ पाहूनही कोसाराला पुरेसं कळलं होतं; हॉटेलच्या गच्चीवर शनिवारी तीही असायची. संध्याकाळपर्यंत तिहोमिरची बायको, तो मेलेला गायक आणि खुंटीवरचा कोट यांची हकिगत दुकानांतून, केसकर्तनालयातून फिरून परत त्याच्याच इमारतीत पोचली. त्या वेळेपर्यंत कोटाला फरची कॉलर लागली होती.

दुसरी साक्ष मागायला जावं लागलं नाही. समोरच्या दारातले निवृत्त मेजर ग्वोझ्देन आपण होऊन आले.

"ऐका, शेजारी. ते प्रेमाबिमाचं काही नाही," ते म्हणाले. "ते गाणं सरकारविरोधी होतं. तेव्हाच आमच्या लक्षात आलं होतं. फरारी माणसाला आसरा द्यायची खूण आहे ती. दिवा विझव, दार उघडं ठेव!"

"मग कोट?"

"कोटात कागद शिवलेले असणार." मेजरांनी बोट वर केलं. "आणि म्हणून तर ते तिसरं कडवं गाळलं."

"मग गाणं बंद का नाही केलंत?"

मेजरांनी बोट खाली घेतलं. "आमच्या कर्नलसाहेबांच्या बायकोला फार आवडायचं," ते म्हणाले.

तिहोमिर घरी आला तर रादोयकाचं तोंड हंडीएवढं झालेलं. टेबलावर त्याच्यासाठी थंड पावटे होते. ते कालचे होते.

"कोट कुठाय रे?" ती म्हणाली.

"कुठला कोट?"

"फरच्या कॉलरचा. सगळ्या गावाने पाहिलाय म्हणे माझ्या खुंटीवर. मलाच दिसला नाही."

यावर तिहोमिरने खुलासा करायला हवा होता. त्याने केला नाही, उलट तोच चिडला, की गावभर मानहानी कोणाची झाली? माझी! आणि मला कालचे पावटे! त्यानंतर रादोयकाने त्याच्याशी बोलणंच सोडलं. जे सांगायचं ते ती भिंतीला सांगायची. "भिंतीने औषध घेतलं का?" "भिंतीला म्हणावं, पायपुसणं मी धुतलंय." आणि तिहोमिर, जो आयुष्यात कधी भिंतीशी बोलला नव्हता, तोही भिंतीलाच उत्तर द्यायला लागला.

आता हा प्रश्न गाण्याचा उरला नव्हता, अब्रूचा झाला होता. आणि गाणं तर चहूबाजूंनी त्याच्या मागे लागलं. इतकी वर्षं ते कुठे दडून बसलं होतं कोण जाणे. शेजारच्या लग्नात तुताऱ्यांच्या ताफ्याने ते इतकं भरधाव वाजवलं की नवरीकडची म्हातारी बाकावर चढून नाचली. ज्या बाईचं काळीज फाटतंय तिच्या गाण्यावर म्हातारीने नाचावं? तिहोमिर ताफ्याच्या म्होरक्याला गाठून म्हणाला, "अहो, हे दुःखाचं गाणं आहे!" म्होरक्या कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "आम्ही दोन्हीकडे वाजवतो, काका. दफनाला जरा हळू." मग शाळेच्या मुलामुलींनी ते समूहस्वरात गायलं, इतकं गोड, की ती बाई कुणाची वाट बघतेय याचा कुणाला संशयच येऊ नये. केस रंगवलेल्या पोरांच्या एका टोळक्याने तेच गाणं अंगावर ओरडून म्हटलं, त्यात ती बाई दार उघडं ठेवून मारायलाच उभी आहे असं वाटत होतं. आणि कळस केला तो टीव्हीवरच्या जाहिरातीने. चोरांना फुटणार नाहीत अशा पोलादी दरवाजांची जाहिरात! मागे संगीत कुठलं? *दार मी उघडं ठेवलंय!* तिहोमिरने टीव्हीला चप्पल दाखवली. गाणं एकच, आणि प्रत्येकाने त्यातून आपलंच काहीतरी उचलून नेलं होतं. माणसांना लाजलज्जा म्हणून काही राहिली आहे की नाही?

अशात वेल्याचा निरोप आला. पितरांचा शनिवार तोंडावर आला होता. त्या दिवशी सगळं गाव खाणंपिणं घेऊन दफनभूमीत जातं, तेव्हा दगड पुरा व्हायलाच हवा. ओळ टाकायची तर दफनभूमीच्या कचेरीची परवानगी लागेल.

तिहोमिर मनातून खूश झाला. परवानगी मिळणार नाही, ओळ पडणार नाही, आणि दोष कचेरीचा! तो तडक गेला. खिडकीतल्या बाईने ओळ वाचली आणि चष्मा काढला.

"'तू ये' हे कुणाला उद्देशून आहे?"

"तेच तर मी शोधतोय!" तिहोमिर म्हणाला.

"इथे सगळे वयस्क लोक येतात, साहेब. चालत चालत दगड वाचतात. एखाद्याने वाचलं, 'तू ये, दार मी उघडं ठेवलंय', आणि तो जागीच बसला, तर जबाबदार कोण?"

"अगदी बरोबर! नाकारा तुम्ही."

पण त्या बाईने ओळ पुन्हा वाचली आणि गुणगुणायला लागली. "गाणं मात्र काय सुंदर आहे हो. माझ्या लग्नात वाजलं होतं."

"मग?"

"मग काय, घटस्फोट झाला." तिने चष्मा परत लावला. "असं करा. सांस्कृतिक भवनातून याचा अर्थ लिहून आणा. आक्षेपार्ह नाही असा. शिक्का मारून. मी देते परवानगी."

निदान तिथे तरी ओळ आक्षेपार्ह ठरेल, या आशेने तिहोमिर गेला. सांस्कृतिक भवनाच्या संचालकांना फार आनंद झाला, कारण त्यांच्याकडे कुणी येत नसे. ते तासभर बोलले. या गाण्याचा अर्थ बहुपदरी आहे, असं त्यांचं मत पडलं. दार म्हणजे दार नव्हे, जिना म्हणजे जिना नव्हे, आणि येणारा आणि जाणारा हे कदाचित एकच आहेत.

"बहुपदरी?" तिहोमिरचा आवाज चढला. "मी जर कुणाच्या शेताची हद्द बहुपदरी आहे असं लिहिलं असतं ना, तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं!"

संचालकांनी हसून शिक्का मारला. अशा रीतीने जी ओळ पडू नये म्हणून तो घराबाहेर पडला होता, तिची परवानगी स्वतःच्याच खिशात घालून तो घरी आला. भिंतीला त्याने काही सांगितलं नाही. पण कोसाराने सांगितलं.

शनिवारी सकाळी सगळं गाव दफनभूमीत लोटलं होतं. कबरीकबरींवर चादरी पसरलेल्या, मेणबत्त्या लागलेल्या, उकडलेली अंडी, गोड गहू, भाजलेल्या मिरच्या, प्लमची दारू. लोक आपल्या मृतांसाठी घोटभर दारू जमिनीवर ओतत होते आणि उरलेली स्वतः पीत होते. वेल्या छिन्नी घेऊन तिहोमिरच्या दगडाजवळ थांबला होता. कोसारा आणि मेजर शेजारच्याच कबरींवर बसले होते, पण त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. पायवाटेपलीकडे पांढऱ्या कोटातला ल्युबिशा आपल्या दगडावरून डोळे अर्धे मिटून बघत होता.

"तर काका, ओळ मधोमध घ्यायची ना?" वेल्या म्हणाला.

"नाही," रादोयका म्हणाली. "माझ्या नावाखाली."

तिहोमिर इतके दिवस जे गिळून होता, ते सगळं एकदम वर आलं. "तुझ्या नावाखाली! वा! म्हणजे समोरून त्याला नीट वाचता येईल!"

शेजारच्या कबरींवरची डोकी वळली.

"कोणाला?" रादोयकाने विचारलं. भिंत मध्ये नव्हती, त्यामुळे तिला त्याच्याशीच बोलावं लागलं.

"त्याला! पांढऱ्या कोटाला! पहिल्या टेबलाकडे बघून डोळे कोण..."

"ल्युबिशाला?" रादोयका इतक्या मोठ्याने म्हणाली की चार कबरी पलीकडची बाई उठून उभी राहिली. "अरे त्याच्या तोंडाला लसणाचा वास यायचा, तो पहिल्या टेबलापर्यंत यायचा! आणि ते टेबल कोणाला हवं असायचं? तुला! स्वयंपाकघराच्या दाराजवळ म्हणून. मांस गरम मिळतं म्हणून!"

हे खरं होतं. तिहोमिरला ते त्या क्षणीच आठवलं आणि तो आणखी चिडला.

"मग दार कुणासाठी उघडं ठेवलंयस?"

"तुझ्यासाठी, मूर्खा! दुसऱ्या कुणासाठी?" रादोयकाने पर्स चादरीवर आदळली. "मी आधी जाणार आणि तू मागून येणार. तुला सगळीकडे उशीर होतो. लग्नाला उशीर, आपल्या लेकीच्या बारशाला उशीर. तू अंधारात चाचपडत येशील, दहा लोकांना रस्ता विचारशील आणि सगळ्यांशी भांडशील. तेव्हा म्हटलं, आधीच लिहून ठेवावं, म्हणजे याला कळेल की इकडे यायचंय. गावभर विचारत फिरलास. पाद्र्याला तेवढं विचारायचं राहिलं. मला विचारलंस?"

तिहोमिरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तू आधी जाणार? हे कोणी ठरवलं?"

"मी ठरवलं."

"मला न विचारता?"

"यात काय विचारायचं?"

"काय विचारायचं? काय विचारायचं!" तिहोमिर वेल्याकडे वळला. "वेल्या, ओळ माझ्या नावाखाली घे. मी आधी जाणार."

"काका, पण हे बाईचं गाणं..."

"असू दे! घे!"

"हात लावून बघ, वेल्या!" रादोयका म्हणाली. "याला तिकडे जाऊन काय येतंय? याला चहा करता येत नाही. हा दार उघडं ठेवणार आणि सगळी थंडी आत घेणार!"

"मधोमध घ्या ना," मेजर ग्वोझ्देन म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!" दोघंही एकदम म्हणाली.

कोसारा हुंदके देत होती. कुणीतरी आपल्या मेजवानीतला प्याला घेऊन जवळ येऊन उभं राहिलं होतं. तिहोमिरला काही दिसत नव्हतं. तो रादोयकासमोर उभा राहून बोट नाचवत होता, ओरडत होता, की असे निर्णय परस्पर घ्यायचे नसतात, की इतकी वर्षं सगळं तुझ्या मनासारखं झालं, पडदे तुझ्या मनासारखे, फरशी तुझ्या मनासारखी, पण हे होणार नाही, हे मी होऊ देणार नाही, आणि मध्येच त्याचा आवाज फाटला.

"तू गेलीस," तो म्हणाला, "तर मी त्या घरात शिरायचं कसं? कुलूप काढायचं, दार लोटायचं, आणि आत कोणी नाही. कसं शिरायचं मी, सांग ना."

रादोयकाने त्याचा हात धरून त्याला कबरीच्या कट्ट्यावर बसवलं, आपण शेजारी बसली, आणि डब्यातलं एक अंडं काढून सोलायला लागली. सोलताना टरफलाबरोबर अंड्याचा पांढरा भागही निघून येत होता.

"आज काही कोणी जात नाहीये," ती म्हणाली. "खा."

वेल्याने छिन्नी पिशवीत टाकली. तिहोमिरने बाहीने नाक पुसलं, अंडं तोंडात घातलं आणि बराच वेळ चावत राहिला.

"याला मीठ नाही," तो रागानेच म्हणाला.